दोन सवतींची इद्दत

२३ नोव्हेंबर

ह्यांना जाऊन आज नऊ दिवस झाले. दुकानात टोप्यांचा गठ्ठा उतरवताना खाली बसले, ते पुन्हा उठलेच नाहीत.

फुरेराने ही कोरी वही आणून दिली. म्हणाली, "आई, तुला वर्गात दिवसभर बोलायची सवय. काहीतरी लिहीत बस, नाहीतर भिंतीशी बोलायला लागशील."

भिंतीशी बोलेन एक वेळ, पण समोरच्या खोलीतलीशी बोलायचं जिवावर येतं. नवरा गेल्यावरची इद्दत, चार महिने दहा दिवस. पांढरे कपडे घालायचे. सुरमा, मेंदी, अत्तर काही नाही. अगदी अडल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. आमच्या झारियात इद्दतीला बसलेल्या कितीतरी बायकांना मी भेटून आले आहे. पण एकाच अंगणात सवतीसमोर सवत बसलेली कधी पाहिली नव्हती. हे होते तेव्हा दोन दिवस तिचे, दोन दिवस माझे असत. आता सगळेच दिवस दोघींचे.

झुलै तेवीस वर्षांची आहे, माझ्या थोरलीहून जेमतेम एका वर्षाने मोठी. चार वर्षांपूर्वी या घरात आली. थोरली आपली कानो शहरात सासरी सुखात आहे, तिला हे रोज बघावं लागत नाही.

२७ नोव्हेंबर

शेजारणींचं येणं कमी झालं. आज चूल आमचीच पेटली. मी पिठाचा तुवो घोटला, फुरेराने कालवण केलं. झुलैने ताट पुढे ओढलं, कालवणाचा वास घेतला, ओढणी नाकाला लावली आणि उठून गेली.

हिच्या एकटीचाच नवरा गेला आहे का? मला तेवीस वर्षं झाली त्यांच्याबरोबर, आणि मी जेवले. दुःख दाखवायचीही एक हौस असते.

३ डिसेंबर

गंबो आला होता. माझा दीर, ह्यांचा एकुलता भाऊ. दोन गिनी कोंबड्या घेऊन आला, अंगणात माझ्यासमोर खाली बसला आणि रडला. म्हणाला, "वहिनी, तुम्ही या घराची आई. काही लागलं तर मला सांगायचं, बाहेर कुणाला नाही."

जाताना झुलैच्या पडद्याकडे मान करून हळूच म्हणाला, "तिची काळजी नको. वय काय तिचं! इद्दत संपली की नेईल कुणीतरी."

माणूस तोंडाचा फटकळ, पण मनाने बरा आहे. अशा वेळी पुरुष माणसाचा आधार वाटतो.

९ डिसेंबर

वारा सुटला आहे. सगळीकडे बारीक धूळ, वहीच्या पानांतसुद्धा. कडुनिंब पांढरा झाला आहे. झुलै दहा वाजेपर्यंत झोपते, मग उन्हात बसून चिंच चोखते. आजही कालवणाला हात लावला नाही. फुरेरा तिला वेगळी पेज करून देते. मी म्हटलं, "तिची मोलकरीण झालीस का?" तर माझ्याकडे नुसतं बघत राहिली. मुलींचं काही कळत नाही हल्ली.

२४ डिसेंबर

चाळिसावा झाला. कुराणाचं पठण झालं, माणसं जेवून गेली. गंबो थांबला.

म्हणाला, "वहिनी, आता वाटणीचं बघायला हवं. दुकान बंद ठेवून कसं चालेल?"

मी म्हटलं, "बघा ना. शरीयतप्रमाणे जे होईल ते होईल."

"तेच सांगतोय. मुली असल्या की बायकोचा आठवा हिस्सा. बायका दोन असल्या तर आठव्यात दोघी. म्हणजे तुमच्या हाती काय? सोळावा. तेवीस वर्षं खस्ता खाऊन सोळावा, आणि ती चार वर्षांत तेवढंच घेऊन जाणार."

मी जेवणाची ताटं गोळा करू लागले.

"पण ती बायको राहिली असेल तर ना! ऑगस्टात ते भांडण झालं, आठवतंय? मी बाहेरच्या खोलीत बसलो होतो. भावाने तीनदा तलाक म्हटलेलं मी या कानांनी ऐकलं. तुम्हीही घरातच होतात."

मी म्हटलं, "मी मागे उखळाशी होते. बाजरी कांडत."

"आठवा," तो म्हणाला. "सावकाश आठवा. काझीसमोर तुम्ही नुसतं होय म्हटलंत तरी आठवा हिस्सा अख्खा तुमचा. आणि फुरेराचं लग्न होईपर्यंत मी या घराच्या विटेला हात लावणार नाही."

२६ डिसेंबर

डोकं दुखतं आहे. ते भांडण झालं होतं हे खरं. झुलैला तिच्या मावसबहिणीच्या लग्नाला जायचं होतं, ह्यांनी नको म्हटलं. आवाज चढले. ती बोचकं घेऊन आईकडे गेली आणि नऊ दिवस राहिली. दहाव्या दिवशी हे स्वतः जाऊन तिला घेऊन आले. येताना तिच्यासाठी नव्या चपला आणल्या होत्या.

त्या दिवशी मी नक्की काय ऐकलं ते आठवत नाही. उखळाचा आवाज होता.

फुरेरा म्हणते, त्या आठवड्यात घरात बाजरी नव्हती. मग ज्वारी असेल.

५ जानेवारी

झुलै नळाजवळ कोसळली. बादली उलटली, मी धावले. फुरेरा आणि मी दोघींनी उचलून तिला तिच्या पलंगावर नेलं. चार वर्षांत मी त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं.

मी म्हटलं, "खात नाहीस, पीत नाहीस, मग काय होणार?"

फुरेरा म्हणाली, "आई, तुला खरंच कळत नाही? दोन बाळंतपणं झालीत तुझी."

मग कळलं. पलंगाच्या कडेवर बसले ती बसलेच. सप्टेंबरचा शेवट असेल. हिशेब करायचा नव्हता, पण झाला. त्या महिन्यात माझ्या वाटणीच्या दिवसांतही हे चहा घ्यायचे आणि "जरा पडतो" म्हणून तिकडे जायचे. मी काही बोलले नव्हते. बोलून काय मिळतं?

झुलैने माझा हात धरला. "ताई, भावजींना सांगू नका."

"का? आनंदाची गोष्ट आहे."

"चाळिसाव्याच्या आदल्या दिवशी ते मलाही भेटले. म्हणाले, तुला तलाक झालेला आहे. गुपचूप निघून जा, नाहीतर मी चारचौघांत बोलेन. ताई, तलाक झाला होता असं ठरलं, तर हे मूल कुणाचं म्हणतील?"

तिने मला एवढंच विचारलं. मी म्हटलं, "झोप आता," आणि बाहेर आले.

म्हणजे गंबो तिच्याकडे आधी गेला आणि माझ्याकडे नंतर आला. त्या कोंबड्या आम्ही चवीने खाल्ल्या होत्या.

११ जानेवारी

मालमा हुस्साईंना बोलावणं पाठवलं. लहानपणी मी त्यांच्याकडेच कुराण शिकले. ऐंशीच्या पुढे गेल्या आहेत, दिसत नाही, तरी नातीच्या खांद्यावर हात ठेवून आल्या. बसल्या बसल्या म्हणाल्या, "काय गं पोरी, आवाज असा का? चालत मी आले, दम तुला लागलाय?"

सगळं सांगितलं. मूल, गंबो, आठवा हिस्सा.

म्हणाल्या, "पोटात वारस असला की वाटणी थांबते. मूल होईपर्यंत कुणी सुतळीसुद्धा हलवायची नाही. तिची इद्दतही बाळंत होईपर्यंत. मुलगा झाला तर तुझ्या दिराला काही नाही. मुलगी झाली तर तुम्हा सगळ्यांचं देऊन उरेल ते त्याचं. म्हणून त्याला घाई, तिच्या पोटात काही असेल ही धास्ती त्याला आधीपासून असणार. आणि तलाक झाला होता हे त्याने सिद्ध करायचं, तिने नाही."

"तो माझी साक्ष मागतोय."

"मग तू काय ऐकलंस?"

"मला नीट आठवत नाही, मालमा. आणि बाईची साक्ष तशीही अर्धीच धरतात."

म्हातारीने माझा गुडघा शोधून त्यावर चापट मारली. "साक्ष अर्धी धरतात, गप्प बसणं मात्र पूर्ण धरतात. आठव."

गंबोही आठव म्हणतो, ह्याही आठव म्हणतात.

२० जानेवारी

गंबोला कळलं. अंगणात उभा राहून ओरडत होता. "इतके दिवस लपवलं! सरळ असतं तर लपवलं असतं का?"

झुलै पडद्याआड होती. फुरेरा पुढे झाली. "काका, आवाज खाली करा. इद्दतीच्या घरात आहात तुम्ही."

"तू शिकवणार मला? तुझ्यासाठीच करतोय मी. त्या पोटात पोरगा असला तर त्याला तुझ्या दुप्पट मिळेल, कळतंय का? तुझंच ताट पुढून जाईल."

फुरेरा म्हणाली, "जाऊ दे. माझ्या बापाचा असेल ना तो?"

गंबो माझ्याकडे वळला. "वहिनी, सहा फेब्रुवारीला काझींनी बोलावलंय. दिवसाउजेडी अशा कामाला जाता येतं, मी विचारून घेतलंय. तुमच्या मनात काय आहे?"

मी म्हटलं, "येईन."

आपण कुठल्या बाजूने येणार ते मी त्याला सांगितलं नाही. मला तरी कुठे माहीत होतं!

२ फेब्रुवारी

खरं लिहायचं तर मला तो आठवा हिस्सा हवासा वाटतो. वडील गेले तेव्हा शेताचा माझा वाटा मी भावांना सोडून दिला. बहिणीने वाटा मागितला तर लोक तोंडावर काही बोलत नाहीत, पण माहेरचं दार बारीक होतं. तेव्हा माझी तारीफ झाली. तारीफ घेऊन बसले आहे. माझं म्हणण्यासारखं शाळेचा पगार सोडला तर काही नाही.

आणि ती जावी असंही वाटतं. आजही वाटतं. ती गेली तर अंगण पूर्वीसारखं होईल असं उगीच मनात येतं. पूर्वीसारखं करायला हे कुठे आहेत?

सकाळी ती कडुनिंबाखाली बसली होती. एका हाताने पोट धरून दुसऱ्या हाताने माझे तांदूळ निवडत होती. मी सांगितलं नव्हतं. मी "राहू दे" म्हणाले नाही, "बरं झालं" असंही म्हणाले नाही.

६ फेब्रुवारी

अंग मोडून आलं आहे, पण आज लिहायला हवं.

मी, झुलै आणि फुरेरा रिक्षाने गेलो. न्यायालयात माझ्या वर्गातल्या दोन मुलांचे बाप बसलेले दिसले. काझी म्हातारे आहेत, त्यांना सर्दी झालेली, सारखा रुमाल नाकाला. मला वाटलं त्यांचं लक्ष नाही. पण होतं.

त्यांनी गंबोला विचारलं, "तीनदा ऐकलंस?"

"तीनदा, साहेब."

"ऑगस्टात. भाऊ वारला नोव्हेंबरात. म्हणजे अडीच महिने तो तुझ्या मते परक्या बाईबरोबर राहत होता, आणि तू त्याला काही बोलला नाहीस?"

"भावाची अब्रू, साहेब."

"त्या अडीच महिन्यांत त्याच्या घरी जेवायला जात होतास?"

"जात होतो."

"तिच्या हातचं?"

मागे कुणीतरी हसलं. गंबो म्हणाला, "कधी तिच्या, कधी वहिनींच्या."

"तू स्वतः वारस. तुझ्या फायद्याची तुझी साक्ष मी धरू शकत नाही. दुसरं कोण आहे?"

"माझी वहिनी आहे. त्या दिवशी घरातच होती."

मी उभी राहिले. कुराणावर हात ठेवला. 

"काय म्हणाला तुझा नवरा?"

"म्हणाले, तुझ्या आईकडे जा, डोकं थंड झालं की ये. तलाक म्हणाले नाहीत. एकदाही नाही."

गंबो म्हणाला, "साहेब, ही मागे उखळाशी होती! तिनेच मला सांगितलंय."

काझींनी माझ्याकडे पाहिलं. "उखळाशी होतीस?"

"नाही. दिराला तसं खोटंच सांगितलं होतं. मी तिच्या खोलीच्या पडद्यामागे होते."

"तिथे काय करत होतीस?"

"ऐकत होते."

"रागाच्या भरात एखादा शब्द हळू निघतो. तुझ्या कानांतून निसटला असेल."

 फुरेरा माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

"नाही निसटणार, साहेब. तोच शब्द ऐकायला मी तिथे उभी होते. चार वर्षं त्याची वाट बघत होते. तो आला असता तर दिराच्या आधी मीच गल्लीभर सांगितलं असतं. आला नाही."

कुणी हसलं नाही. काझींनी रुमाल खिशात ठेवला, कारकुनाकडे वळले आणि म्हणाले, "लिही." तलाक सिद्ध झाला नाही. मूल जन्मेपर्यंत वाटणी थांबेल. तोवर झुलैला त्या घरातून कुणी हलवायचं नाही, आणि मृताच्याच मालातून तिघींचा घरखर्च चालेल.

बाहेर गंबो माझ्या अगदी जवळून गेला. म्हणाला, "घ्या सोळावा हिस्सा. चुलीत घाला."



८ फेब्रुवारी

दोन दिवस झुलै खोलीबाहेर आली नाही. मला वाटलं, बरोबरच आहे. आपली सवत पडद्यामागे उभी राहून आपल्या तलाकाची वाट बघत होती, हे सगळ्या गावासमोर ऐकल्यावर कोण बोलेल?

आज दुपारी ती येऊन माझ्या चटईच्या टोकाला बसली.

"ताई, मला माहीत होतं."

"काय?"

"तुम्ही तिथे होतात ते. पडदा आखूड आहे. तुमचे पाय दिसत होते."

मी पाय लुगड्याखाली ओढून घेतले. म्हटलं, "त्यांनाही दिसले?"

"त्यांची दाराकडे पाठ होती."

मी विचारलं, "मग तू मला सांगितलं का नाहीस? खरं बोला, एवढं तरी म्हणायचंस. महिनाभर नुसती बघत राहिलीस."

"तुम्ही नाही म्हणाल्या असत्यात तर? मग रोज एका नळावर पाणी कसं भरलं असतं?"

मी तिला चिंच दिली. आता नको म्हणाली, हल्ली तिखट खावंसं वाटतं.

२३ मार्च

माझी इद्दत काल संपली. अंघोळ केली, निळं लुगडं नेसले, मेंदी नको म्हटलं. सोमवारपासून शाळा. मुख्याध्यापिका म्हणाल्या, तुमचा वर्ग फार माजलाय.

झुलै पांढऱ्यातच आहे. पाय सुजले आहेत. मला दारातून बाहेर पडताना बघत होती.

२७ जून

मुलगी झाली. पहाटे कळा सुरू झाल्या, नऊ वाजता मोकळी झाली. दोघी सुखरूप आहेत.

सुईण म्हणाली, "मुलगी."  हे लिहायला लाज वाटते. मला मुलगा हवा होता. झुलैसाठी नाही, बाळासाठीही नाही. गंबोचं तोंड बघायला मिळावं म्हणून.

झुलैने विचारलं, "ताई, आता भावजींना मिळणार ना?"

"उरलेलं मिळेल."

"बाकीचं आपलं?"

"बाकीचं आपलं."

ती झोपली. मालमा हुस्साई दुपारी आल्या, बाळाच्या तोंडावरून बोटं फिरवली. म्हणाल्या, "तोंडं पाडून का बसल्यात सगळ्या? तीन मुलींना मिळून दोन तृतीयांश, तुम्हा दोघींना आठवा. कुणी मेहेरबानी करून दिलेलं नाही, वरून लिहून आलंय. नाक कुणाचं घेतलंय हिने?"

फुरेरा म्हणाली, "काकाचं."

हसलो. पोट दुखेपर्यंत हसलो. झुलै जागी होऊन काय झालं विचारत होती.

४ जुलै

बारसं झालं. जवळचा पुरुष म्हणून मेंढा गंबोनेच आणला, नावही त्यानेच पुकारलं. झुलैने नाव कागदावर लिहून दिलं होतं, सादिया. बाळाला हातात घेऊन तो बराच वेळ उभा होता. मग माझ्याकडे देत म्हणाला, "भावासारखीच कपाळाला आठी घालते." एवढंच बोलला. माफी मागितली नाही. मीही वाट बघितली नाही.

१९ जुलै

न्यायालयाचे कारकून दोन दिवस घर मोजत होते. गंबोच्या वाट्याला रस्त्याकडची बाजू आली. तिथे तो दुकान काढणार. बाहेरची खोली आणि तिला लागून असलेली झुलैची खोली त्याची झाली. उद्यापासून मधे भिंत चढेल.

झुलैची भांडी कारकून यादीत घालायला लागला. तिच्या आईने लग्नात दिलेली, भिंतीशी छतापर्यंत रचलेली. झुलै बाळ काखेला मारून मधे उभी राहिली. "ती माझी आहेत. माझ्या नवऱ्याची नाहीत. त्यातला चमचाही लिहायचा नाही." कारकुनाने मुकाट्याने खोडलं. तिचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

तिची आई न्यायला आली होती. झुलै म्हणाली, मुलीचा वाटा इथे आहे, सध्या इथेच राहीन. किती दिवस राहील ठाऊक नाही. कुणी चांगलं विचारलं तर जाईल. जायलाच हवं, या वयात कुणी बसून राहू नये. मागच्या खोलीत फुरेरा आणि तिची पुस्तकं आहेत. म्हणून तोवर झुलै माझ्या खोलीत.

आज दुपारभर तिघी सामान वाहत होतो. तिचा पलंग दारातून आत येईना, पाय काढावे लागले. तिची भांडी माझ्या भांड्यांना टेकून रचली. मी म्हटलं, खुणेला रंगाचा ठिपका लाव, उद्या भांडण नको. तर म्हणाली, "लावते उद्या." लावायची नाही, मला माहीत आहे.

खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. कंबर भरून आली आहे, सोमवारी तपासायच्या वह्या तशाच पडल्या आहेत. झुलै भिंतीकडे तोंड करून मेल्यासारखी झोपली आहे, आणि बाळ चुळबुळ करतं आहे. थोडं थांबले तर आपलं आपण झोपेल असं वाटलं होतं.

नाही झोपत. उठते.